कापडी फुले (शिरोभूषणांतील)

कापडाच्या पाकळ्या कातरून, त्यांना चुण्यांनी किंवा उष्णतेने आकार देऊन आणि तारेवर वा दोऱ्यावर बांधून केलेली फुले. हॅट, बाळाचे टोपडे, वेणी, मुंडावळ्या, बाशिंग यांच्या सजावटीसाठी ती वापरतात. ग्रामीण विदर्भात हा बहुतांशी शिवणकामाच्या जोडीने होणारा घरगुती उद्योग आहे.

कलेच्या उगमाविषयी एकमत नाही. प्राचीन ईजिप्तमध्ये रंगवलेल्या लिननची फुले होती, तर चीनमध्ये साधारणतः थांग घराण्याच्या काळापासून (सातवे ते दहावे शतक) केसांत माळायची रेशमी फुले प्रचारात होती. यूरोपात मध्ययुगात ही कला इटलीत रुजली व तेथून फ्रान्समध्ये गेली, असे सामान्यतः मानले जाते. चीनमधून ती इटलीत आली, हे मत मोहक असले तरी दोन्हीकडे रेशीम मुबलक असल्यामुळे ती स्वतंत्रपणे वाढली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दीदरोच्या फ्रेंच विश्वकोशातील (१७५१–७२) चित्रफलकांत पाकळ्या तोडण्याचे लोखंडी ठसे व इतर हत्यारे दाखवली आहेत. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये हा पुरता व्यवसाय झाला होता.

विदर्भात या कामाला आधार मिळाला तो बाशिंगाचा. बाशिंगासाठी पूर्वापार साहित्य म्हणजे भेंडाचा पांढरा गर, कागद, बेगड आणि शिंदीची पाने. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) शिंदीच्या पानांच्या विवाहमुकुटाचे उल्लेख आढळतात. भेंड पाणथळ जागी वाढते. त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या तलावांच्या मुलखात ते हाताशी असणार आणि वऱ्हाडच्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत ते विकत आणावे लागणार, हे उघड आहे. कापडाने गराची व पानांची जागा प्रथम वऱ्हाडात घेतली असावी, असा तर्क यावरून करता येतो. फुले करण्याची रीत शिवणवर्गांतून, म्हणजे अंतिमतः यूरोपीय हॅटकामातून आली, असाही एक विचार आहे. पाकळीच्या घडणीपुरता तो पटतो. मात्र फुलांची मांडणी, दोन्ही कानांवर सुटणारे सर आणि मागे बांधायच्या दोऱ्या बाशिंगाच्याच वळणाच्या आहेत. पोळ्याला बैलांच्या कपाळी बांधतात त्या बाशिंगांतही हेच वळण दिसते.

कृतीत खरा प्रश्न कडेचा असतो. सुती कापड कातरले की कडेचे धागे निसटतात. म्हणून आधी त्याला मैद्याची किंवा साबुदाण्याची घट्ट खळ देऊन, ताणून वाळवतात. पाकळी नेहमी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कातरतात. सरळ धाग्यात कातरलेली पाकळी वळवल्यावर मोडते, उरेब पाकळी गोलाई धरते. यूरोपीय कारागीर तापवलेला धातूचा गोळा मऊ गादीवर ठेवलेल्या पाकळीत दाबून खोलगटपणा आणतात; घरी हेच काम चुलीवर तापवलेल्या पळीच्या पाठीने करता येते. पळी जास्त तापली तर खळ पिवळी पडते, म्हणून ती आधी चिंधीवर टेकवून पाहतात. सॅटिनसारखे पॉलिएस्टर कापड जळण्याआधी वितळते. त्याची कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून भरभर फिरवली की मिटते आणि आत वळते. खळीची गरजच उरत नाही. सॅटिनच्या रिबिनीची फुले सर्वत्र झाली ती या सोयीमुळे, दिसण्यामुळे नव्हे. जवळून पाहिल्यास खळीच्या सुती फुलाची पाकळी अधिक जिवंत वाटते. परागांसाठी दोऱ्याची टोके डिंकात बुडवून हळद लावलेल्या रव्यात घोळतात. साधे फूल तर नुसत्या गोल तुकड्याच्या कडेने धावदोरा घालून, तो ओढून होते. शिंप्याकडची कातरणे त्याला पुरतात.

विदर्भातील लग्ने बरीचशी ऐन उन्हाळ्यात होतात. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि शेवंती-मोगऱ्याच्या मुंडावळ्या लग्न लागेपर्यंत मान टाकतात. कापडी मुंडावळ्यांची मागणी त्या काळात असते. बाळाच्या टोपड्यांवरची फुले बिनतारेची करतात, कारण तारेचे टोक टोचते.

रंगांचा इतिहास कमी सुखद आहे. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील कृत्रिम फुलांच्या पानांना आर्सेनिकयुक्त हिरवी पूड लावत. लंडनमधील एकोणीस वर्षांची फुलकामगार मटिल्डा शूरर १८६१ मध्ये या विषाने मरण पावली आणि त्यावर बराच गवगवा झाला. आजचे रंग तसे नसले, तरी कच्च्या रंगाचे कापड घामाने सुटते व हळद लावलेल्या कपाळावर डाग पडतो. त्यासाठी बाशिंगाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी टाकतात.