नावापुढचं उद्गारचिन्ह

पुण्याच्या टेकड्यांवर झाडं बघत हिंडणाऱ्यांच्या बोलण्यात 'कुक' सारखा डोकावतो. "कुकमध्ये बघितलंस का?" "कुक काय म्हणतो?" मला सुरुवातीला वाटायचं, कुणीतरी जाणते गृहस्थ असतील, कोथरूडला वगैरे राहत असतील. पण 'कुक' म्हणजे थिओडोर कुक यांचा वनस्पतींवरचा ग्रंथ, आणि ते स्वतः १९१० सालीच वारले होते. ग्रंथाचा उल्लेख एकेरी, माणसाचा आदरार्थी, हा आपला रिवाज.

कुक आयर्लंडचे, पेशाने इंजिनिअर. रेल्वेच्या नोकरीत वसईच्या खाडीवरच्या पुलाचं काम केलं आणि १८६५ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. तेच आजचं सीओईपी. पुढे तिथे शेती आणि वनविद्याही शिकवली जाऊ लागली, कॉलेजचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं. पूल बांधायला शिकवणाऱ्या संस्थेत झाडं ओळखायला शिकवणं आलं ते असं. वनस्पतिशास्त्र वुड्रो शिकवत. गणेशखिंडीची बागही त्यांच्याकडेच होती.

जंगलात नोकरी करणाऱ्याला झाड ओळखणं म्हणजे हौस नव्हे. कुड्याचंच बघा. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोघांची पानं समोरासमोर, दोघांना चीक, दोघांची फुलं पांढरी, दोघांच्या शेंगा जोडीने लोंबतात. पण आमांशावर चालते ती पांढऱ्याची साल, आणि तिच्या नावाखाली काळ्याची सालही बाजारात खपते. मग ओळखायचं कसं? फुलात डोकावा. पांढऱ्या कुड्याचे पुंकेसर नळीत दडलेले, बाहेरून दिसतच नाहीत. काळ्याचे सुळक्यासारखे बाहेर आलेले, भोवती पांढऱ्या धाग्यांची झालर. फुलं नसतील तर शेंग उकला. बीला म्हातारीसारखा केसांचा झुबका असतो. पांढऱ्याचा शेंगेच्या टोकाकडे, काळ्याचा देठाकडे.

अशा प्रश्नांची साखळी म्हणजे वनस्पतींच्या ग्रंथातली 'किल्ली'. हे की ते? हे असेल तर पुढचा प्रश्न. असं करत शेवटी एकच नाव उरतं. एक प्रश्न चुकला की तुम्ही भलत्याच कुळात जाऊन पोचता. माझं हे अजूनही महिन्यातून एकदा होतं.

१८९३ मध्ये निवृत्त होऊन कुक विलायतेला गेले आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात, तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख त्यात आहे. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. त्यातली कितीतरी शास्त्रीय नावं आता बदललीत, तरी इथल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याचं त्याच्यावाचून आजही अडतं.

या ग्रंथात मला सगळ्यात आवडतं ते एक उद्गारचिन्ह. प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाखाली ती कुठे सापडली आणि कुणी गोळा केली, हे दिलेलं असतं. काही नावांपुढे '!' असं चिन्ह येतं. ते आश्चर्याचं नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ असा, की त्या माणसाने आणलेला नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे. ऐकीव नाही, कुणाच्या यादीतून उचललेलं नाही. कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, तिच्यावरची चिठ्ठी, हे सगळं समोर ठेवून लिहिलंय. पूल बांधलेल्या माणसाला हे शोभतं.

ती नावं वाचताना आपण थबकतो. वुड्रो! कानिटकर! भिवा!

भिवाला आडनाव नाही. मुखपृष्ठावर कुक आहेत, आतल्या पानांवर भिवा. घाट चढून, काटे बाजूला सारून, फुलोऱ्यावर आलेली फांदी नेमकी तोडायची, ती कागदांत दाबायची, बुरशी धरू नये म्हणून कागद बदलत राहायचे आणि पुण्याला आणून द्यायची. फांदीला फूल नसेल तर सगळी पायपीट फुकट, कारण किल्लीचे निम्मे प्रश्न फुलाशी अडतात. यातलं एक जरी हुकलं असतं, तरी पुढे ते चिन्ह आलं नसतं.

हल्ली किल्ली सुटून झाडाचं नाव हाती आलं की मी वर्णन ओझरतं वाचतो आणि नजर सरळ खाली नेतो, तिथे कोण गेलं होतं ते बघायला. कधी कानिटकर असतात. कधी भिवा!