मागचा कस्टम मडगार्ड (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या मागच्या चाकावरचा कंपनीचा मडगार्ड उतरवून त्या जागी मापाने घडवलेला पत्र्याचा किंवा फायबरचा मडगार्ड चढवणे, हा गाडीतील एक लोकप्रिय फेरबदल. हौशी मंडळी त्याला ‘फेंडर’ म्हणतात. गॅरेजमध्ये तो मडगार्डच असतो. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठायची. पत्रा वळवणे आणि वेल्डिंग ही कामे फॅब्रिकेशनच्या छोट्या गाळ्यांत होतात.

आकार काढणे सोपे. खरी कसोटी चाक आणि पत्रा यांमधल्या फटीची. मडगार्ड फ्रेमला पक्का केला, तर चाक खालीवर होते आणि तो जागचा हलत नाही. म्हणून शॉकअप सोडवून चाक पार वर, शेवटच्या टोकापर्यंत उचलून पाहतात. चिमट्यावर (स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरून त्याच्याबरोबर खालीवर हलणाऱ्या भागावर) बसवलेला मडगार्ड चाकाबरोबरच हलतो, त्यामुळे त्याला कमी फट पुरते. ती सगळीकडे सारखी यावी म्हणून टायरवर जुनी चेन किंवा रबरी नळी चिकटपट्टीने बांधून तिच्यावर मडगार्ड टेकवतात आणि त्याला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या टॅक करतात, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरत्या जोडतात. मात्र इथे रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट या पट्ट्यांवर येतो. पट्टी पातळ असली की तडा वेल्डिंगच्या कडेलाच जातो. चेन ताणताना चाक मागे सरकते, हेही मापात धरावे लागते. एकट्याने चक्कर मारून ‘घासत नाही’ म्हणणे फसवे; मागे माणूस बसवून दोन-चार गतिरोधक ओलांडल्यावरच खरे कळते.

गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरीच्या वायरी सोडवतात. बोल्टचे डोके टायरच्या बाजूला आणि नट बाहेर ठेवतात, नाहीतर बोल्टचे टोक टायर कापते. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज न सुटणारा नट) व रबरी वायसर लावल्यास कंपनाने पकड सैल होत नाही. टेललॅम्पची वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर हवेच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला हाताची पकड, पायटेकू आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत, हा त्यामागचा हेतू. आपला ‘साडीगार्ड’ तो हाच, आणि फेंडरच्या हौसेत पहिला बळी त्याचाच जातो. नियमबाह्य फेरबदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. नंबरप्लेट, तिच्यावरचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांनाही नवी जागा द्यावी लागते.

आखूड मडगार्ड देखणा दिसतो, पण जूनमध्ये चालवणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते. फ्रेम न कापता मूळ छिद्रांवरच पट्ट्या बसवल्या असतील, तर पावसाळ्यापुरता कंपनीचा मडगार्ड परत चढवता येतो.