बाहेरची बेरीज आत का दिसत नाही?

'फंक्शनच्या आत ग्लोबल व्हेरिएबल वाचता येतं, बदलता येत नाही.' पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांच्या वह्यांत हे वाक्य हमखास सापडतं. (ग्लोबल म्हणजे फंक्शनच्या बाहेर ठरवलेलं नाव.) ते अर्धसत्य आहे.

फाईलमध्ये वर लिहा: बेरीज = 10. खाली 'वाढव' हे फंक्शन. त्याची पहिली ओळ बेरीज प्रिंट करते, दुसरी बेरीज = बेरीज + 1. (पायथन 3 ला देवनागरी नावं चालतात, कीवर्ड मात्र इंग्रजीच.) फंक्शन चालवलं की आधी 10 छापला जाईल आणि गाडी दुसऱ्या ओळीवर अडेल, असं वाटतं. पण 10 छापलाच जात नाही. पहिल्याच ओळीवर 'अनबाउंड लोकल एरर'!

कारण फंक्शन चालण्याआधी त्याचं बाइटकोड, म्हणजे पायथनला चालवता येतील अशा सूचना, बनतं. त्या वेळी कंपायलर सगळं फंक्शन चाळतो आणि कुठल्या नावांना आत किंमत दिली आहे ते टिपतो. =, +=, फॉर लूपचं व्हेरिएबल, इम्पोर्ट, सगळं यात धरलं जातं. असं नाव एकदा जरी सापडलं, तरी ते पूर्ण फंक्शनभर लोकल, म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरतं. ती ओळ कधीच न चालणाऱ्या 'इफ फॉल्स'खाली असली तरीही! सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत, लोकल नावांना क्रमांकाचे कप्पे मिळतात. म्हणजे प्रिंटच्या ओळीला हुकूम असतो 'कप्पा 0 मधलं काढ'. बाहेर डोकावायचा प्रश्नच नाही. आणि कप्पा अजून रिकामा. 'डिस' मॉड्यूलने बाइटकोड पाहिलात तर 'लोड ग्लोबल'ऐवजी 'लोड फास्ट' कुळातली सूचना दिसेल.

बाहेरच्या यादीला आतून अपेंड केलं, म्हणजे नवा घटक जोडला, तर मात्र बिनतक्रार चालतं, कारण वस्तू बदलली, नावाला नवी किंमत दिली नाही. त्याच यादीवर += वापरा, पुन्हा तोच एरर.

उपाय: फंक्शनच्या सुरुवातीलाच 'ग्लोबल बेरीज' जाहीर करा. नाव वापरून झाल्यावर जाहीर केलंत तर सिंटॅक्स एरर. फंक्शनमधल्या फंक्शनातून बाहेरच्या फंक्शनचं नाव बदलायचं असेल तर 'नॉनलोकल'.

'ग्लोबल म्हणजे पाप' ही मात्र अंधश्रद्धा. न बदलणारे स्थिरांक खुशाल ग्लोबल ठेवा. बदलणारी किंमत पॅरामीटर म्हणून द्या आणि रिटर्नने परत घ्या: बेरीज = वाढव(बेरीज). डावीकडचं 'बेरीज =' विसरलात तर बाहेर 10च राहतो, आणि या वेळी एररही येत नाही.