वॉशिंग मशीनवरचा नाण्यांचा डबा : पार्श्वभूमी

विजेची धुलाई यंत्रं तासाच्या भाड्याने वापरायला देणारं दुकान 1934 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला निघालं. 1949 मध्ये ब्रिटनमधलं असं पहिलं दुकान लंडनला निघालं. तिकडे यंत्र घरोघरी परवडत नव्हतं, म्हणून ते वाटून घेतलं गेलं. विदर्भात वरठ्याचं, म्हणजे धोब्याचं, बलुतं मोडलं तसं धुणं घरच्या बाईच्या अंगावर आलं, आणि मशीन आली ती थेट एकेका घरात. दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगावसारख्या गावांत शिक्षक, बँकेचे बदलीवाले आणि कॉलेजची पोरं सहा-आठ खोल्यांच्या इमारतींत भाड्याने राहू लागली, तेव्हा वाटून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. बोअर एक, टाकी एक, आणि जिन्याखालच्या मशीनची वीज घरमालकाच्या मीटरवर. कोण किती वेळा धुतं, याचा हिशेब नाणं टाकलं की मशीन सुरू करणाऱ्या डब्यावर सोपवायचं ठरलं.

खरा घोळ झाला तो नाणं ठरवताना. डब्यातलं यंत्र नाण्याचा व्यास, जाडी आणि धातू तपासतं. त्यावरचा आकडा त्याला वाचता येत नाही. 2004 ते 2011 मधला रुपया पोलादी, 25 मिलिमीटरचा. 2011 मध्ये आलेलं दोन रुपयांचं नाणंही पोलादी आणि 25 मिलिमीटरचंच. दोनचा डबा लावला की जुन्या रुपयात धुणं होणार. पाचाचं जुनं जाड नाणं नऊ ग्रॅमचं, 2011 चं सहाचं. एकाला बसवलेला डबा दुसरं थुंकून टाकतो. उरलं दहाचं, 2009 पासून चलनात आलेलं, दोन धातूंचं, 27 मिलिमीटरचं.

नेमकं तेच बाजारात चालेना. दहा पट्ट्यांचं खरं आणि पंधरा पट्ट्यांचं खोटं, रुपयाच्या चिन्हाशिवायचं तर नकलीच, अशा अफवा 2016 च्या सुमारास पसरल्या. मध्यवर्ती बँकेने आधी एकदा खुलासा केला आणि मग जानेवारी 2018 मध्ये पुन्हा सांगितलं की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. किराणावाल्याने तरी मान हलवलीच. अफवा कळत नाही तो एकटा डबा. तो सगळे नमुने बिनतक्रार घेई. मग गावात कुणी न घेतलेली चिल्लर भाडेकरू जिन्याखाली आणून टाकू लागले आणि घरमालक पिशवी घेऊन बँकेच्या खिडकीवर. तिथेही कपाळाला आठ्या. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन आहेत, हे त्याला तिथे ऐकवलं जाई.

यावर घरमालकांनी काढलेला तोडगा म्हणजे टोकन. त्याचं कौतुक फार होतं, ते पटण्यासारखं नाही. टोकन मालकाच्याच घरी मिळणार, तो लग्नाला गेला की धुणं थांबणार, भाव तो म्हणेल तो, आणि खोली सोडताना उरलेली टोकनं परत घ्यायची की नाही हेही त्याच्याच मर्जीवर. नाण्यात निदान भाडेकरूचा पैसा त्याच्या खिशात राहत होता.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न नाणं आणि टोकन दोन्हींना लागू. स्वस्तातला डबा फक्त ठरावीक मिनिटं वीज सोडतो. मध्येच लाइन गेली की कित्येकदा मोजणी शून्यावर येते. भारनियमनाच्या दिवसांत हे परवडलंच नसतं. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, पावडर जास्त लागते, हीटर असलेल्या मशीनमध्ये त्यावर क्षार चढतात. घरमालक म्हणतो, दर यासाठीच वाढवला. भाडेकरू म्हणतो, पाणी तर आधीपासूनच खारं आहे.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि पुढे डब्याच्या जागी क्यूआरची पाटी लावता येऊ लागली. पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात, पट्ट्या कुणी मोजत नाही. मात्र पैसे कापले गेले आणि मशीन सुरूच झाली नाही, तर ते मागायचे पुन्हा मालकाकडेच.