स्प्रिंटरची कारकीर्द : महाविद्यालयीन ते व्यावसायिक

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघाकडून १०० ते ४०० मी. अंतराच्या शर्यती धावणाऱ्या खेळाडूने पुढे प्रायोजकाचा करार, बक्षीस रक्कम आणि हजेरीचे मानधन यांवर उपजीविका करणे. अन्य देशांत धावपटू घडवण्याचे काम क्लब, लष्कर वा राष्ट्रीय संघटना करतात. अमेरिकेत विद्यापीठ हीच तयारीची मुख्य जागा असल्याने कॅरिबियन व आफ्रिकी देशांतील अनेक धावपटूही याच वाटेने येतात.

व्यावसायिक धावणे केव्हा सुरू झाले याबद्दल एकमत नाही. सर्वांत मागे जाणारे मत एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पैजेच्या शर्यतींपर्यंत पोहोचते. शेफील्डच्या हँडिकॅप शर्यती, एडिंबरोजवळील पॉवडरहॉल (१८७०) आणि ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल (१८७८) येथे दुबळ्या धावपटूला काही यार्ड पुढून सोडत, बक्षीस रोख असे आणि सट्टा उघड चाले. १८६६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने हौशीपणाची व्याख्या करताना कारागीर व मजूर यांनाही वगळले. म्हणजे हा भेद मुळात पैशाइतकाच वर्गाचाही होता. १८८० मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशनने कारागिरांवरील बंदी काढली, पैशावरील ठेवली. अमेरिकन महाविद्यालयांनी हीच व्याख्या उचलली. तेथील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा आरंभ साधारणतः १८७० च्या दशकाच्या मध्यावर, साराटोगा येथील नौकाशर्यतींना जोडून झालेल्या धावांपासून मानतात. नेमके वर्ष कोणते धरायचे हे ‘स्पर्धा’ कशाला म्हणावे यावर ठरते. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनची (एनसीएए) पहिली राष्ट्रीय मैदानी स्पर्धा मात्र निर्विवादपणे १९२१ ची, शिकागोमधील आहे.

या पैजेच्या परंपरेचा महाविद्यालयीन धावपटूशी थेट धागा जुळत नाही. हौशी नियमांच्या काळात त्याच्यासाठी पदवीनंतर खरे तर कारकीर्दच नव्हती. ओहायो स्टेटचा जेसी ओवेन्स १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनंतरचा युरोप दौरा अर्धवट सोडून परतला आणि हौशी संघटनेने त्याला निलंबित केले. पुढे तो पैशासाठी घोड्यांशीही शर्यत लावत असे. फ्लोरिडा ए अँड एमचा बॉब हेज व टेक्सस सदर्नचा जिम हाइन्स हे अनुक्रमे १९६४ व १९६८ चे १०० मी. विजेते अमेरिकन फुटबॉलकडे वळले. व्यावसायिक धावण्याच्या आरंभाबद्दलचे दुसरे मत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक असोसिएशन या व्यावसायिक शर्यती भरवणाऱ्या संस्थेला मान देते. ली एव्हान्ससारखे धावपटू तिने करारबद्ध केले, पण तिच्यात उतरणाऱ्याला ऑलिंपिकचे दार बंद होई आणि १९७६ मध्ये ती बंद पडली. तिसरे आणि अधिक पटणारे मत १९८२ चे आहे. त्या वर्षी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने धावपटूची कमाई विश्वस्त निधीत ठेवण्यास मान्यता दिली, त्यामुळे पैसे घेऊनही ऑलिंपिक पात्रता टिकू लागली. पुढचे टप्पे त्यातूनच निघाले : १९९३ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत विजेत्यांना मोटारी, १९९७ च्या अथेन्स स्पर्धेत रोख बक्षिसे, आणि २००१ मध्ये संघटनेच्या नावातून ‘हौशी’ शब्दाची गच्छंती.

महाविद्यालयात धावपटूला साधारणतः पाच वर्षांत चार हंगाम मिळतात. २०२५ पर्यंत एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात अ‍ॅथलेटिक्स व क्रॉस-कंट्री मिळून पुरुषांना १२.६ व स्त्रियांना १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या वाटून देता येत, म्हणून अनेकांच्या वाट्याला अर्धी-पाव शिष्यवृत्तीच येई. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीऐवजी संघाच्या आकारावर (अ‍ॅथलेटिक्सला ४५) मर्यादा आली आणि विद्यापीठ थेट पैसेही देऊ लागले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला नाव व प्रतिमेच्या जाहिरातीतून कमावता येते. शर्यत जिंकल्याच्या बक्षिसावरची बंधने त्या बदलाने उठली नाहीत. विद्यार्थी व्हिसावरील परदेशी खेळाडूला तर जाहिरातीचे काम अमेरिकेत करणेही अवघड.

व्यावसायिक झाल्यावर पहिल्या वर्षी जे बिनसते त्याचे मूळ बहुधा वेगात नसून वेळापत्रकात असते. महाविद्यालयीन इनडोअर हंगाम डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो (६० व २०० मी.), मार्चमध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धा होते, लगेच मैदानी हंगाम, मेमध्ये परिषद-विजेतेपद (परिषद म्हणजे विद्यापीठांचा गट), मग पूर्व व पश्चिम प्रादेशिक फेऱ्या. प्रत्येक प्रदेशातून ४८ पैकी १२ जण पुढे जातात, म्हणजे जूनमधील अंतिम स्थळी २४. शंभर मीटरच्या प्रादेशिक दोन आणि अंतिम स्थळीच्या दोन अशा चार फेऱ्या सुमारे दोन आठवड्यांत धावाव्या लागतात. त्यात २०० मी. आणि ४×१०० रिले धरल्यास अंतिम स्थळीच दोन दिवसांत सहा धावा होतात. ४×४०० असल्यास आठ. पहिल्या आठ क्रमांकांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण असल्याने प्रशिक्षकाला एकच धावपटू तीन-चार प्रकारांत उतरवण्याचा मोह होतो. त्यासाठी तो वाईट ठरत नाही, त्याची नोकरी त्या गुणांवर असते.

या सगळ्यामुळे शरीराची सर्वोच्च तयारी जूनच्या पूर्वार्धात येते. राष्ट्रीय निवड चाचणी मात्र जूनअखेर ते ऑगस्ट दरम्यान आणि जागतिक स्पर्धा ऑगस्टमध्ये किंवा, २०२५ च्या टोकियोप्रमाणे, सप्टेंबरात असते. लुइझियाना स्टेटच्या शकॅरी रिचर्डसनने जून २०१९ मध्ये ऑस्टिन येथे १०.७५ सेकंदांचा वीस वर्षांखालील जागतिक विक्रम केला आणि ती व्यावसायिक झाली. जुलैतील राष्ट्रीय अंतिम फेरीत ती आठवी आली. उलट टेनेसीचा ख्रिश्चन कोलमन जून २०१७ मध्ये ९.८२ धावून ऑगस्टमध्ये लंडनला जागतिक रौप्य घेऊन आला; तेव्हा हा नियम नव्हे, कल आहे.

दुखापत बहुतेक मांडीच्या मागील स्नायूला, विशेषतः त्यातील बायसेप्स फेमोरिस या स्नायूच्या लांब भागाला होते. पाय पुढे झेपावून जमिनीकडे येण्याच्या अखेरच्या क्षणी हा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो. थकव्याने मांडी उशिरा वर येऊ लागली, पाऊल शरीराच्या फार पुढे पडू लागले, की ताण इथेच साठतो. म्हणून पूर्ण वेगाच्या दोन सरावांत ४८ ते ७२ तास ठेवतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नवा प्रशिक्षक येताच स्टार्टिंग ब्लॉकची (सुरुवातीला पाय टेकवून जोर घेण्याच्या ठोकळ्यांची) मांडणी बदलणे. पुढचा ब्लॉक रेषेपासून सुमारे दोन पावलांच्या लांबीवर, मागचा तीन पावलांच्या लांबीवर हे सर्वसाधारण माप. ते बदलले की पहिल्या काही ढांगांची लय मोडते आणि ती बसायला हंगाम जातो. मायकेल जॉन्सन बेलरच्या क्लाइड हार्टकडेच राहिला, कार्ल लुइस ह्यूस्टनच्या टॉम टेलेझकडे. ज्युलियन आल्फ्रेडनेही २०२३ मध्ये टेक्सस विद्यापीठातून व्यावसायिक होताना प्रशिक्षक बदलला नाही आणि पुढच्या वर्षी पॅरिसला १०.७२ सेकंदांत सेंट लुसियाचे पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळवले.

करार बहुधा बूट-कंपनीशी होतो आणि ऑलिंपिक वर्षाच्या अखेरीपर्यंतचा असतो. कंपनी महाविद्यालयीन वेळेकडे वाऱ्यासह पाहते. सेकंदाला २.० मी. हा अनुकूल वाऱ्याचा वैध कमाल वेग, पण तेवढ्यानेही १०० मी. मध्ये सुमारे दशांश सेकंदाचा लाभ होतो. उंचावरील मैदानाचा लाभ वेगळा. कराराचे भाग तीन : ठरावीक मानधन, पदक-विक्रमांचे बोनस आणि कपातीची कलमे. शर्यतींची किमान संख्या भरली नाही वा क्रमवारी घसरली तर मानधन कापले जाते. ही कलमे सहसा गोपनीय राहतात. २०१६ मध्ये नायकी व ८०० मी. धावपटू बोरिस बेरियन यांच्या खटल्यात ती चर्चेत आली, आणि गरोदरपणातील कपातीचा प्रश्न २०१९ मध्ये अ‍ॅलिसन फेलिक्सने उघडपणे मांडल्यावर नायकीने धोरण बदलले. एजंटचा वाटा बऱ्याचदा १५ टक्क्यांच्या आसपास असतो. जागतिक सुवर्णाला अलीकडे ७०,००० डॉलर मिळतात, पण डायमंड लीग या वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत जागा मिळणे हीच नवोदिताची अडचण, कारण तेथे लेन मोजक्या आणि मान क्रमवारीला.

उत्तेजकचाचणीचा जाच विद्यापीठात एवढा नसतो. व्यावसायिक धावपटूला चाचणीसाठीच्या नोंदणीकृत यादीत आल्यावर रोजच्या ६० मिनिटांच्या ठावठिकाण्याची माहिती आगाऊ द्यावी लागते. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. कोलमन याच कारणाने टोकियो ऑलिंपिकला मुकला. प्रवासाचे बेत बदलून नोंद न बदलणे ही यातली सर्वांत सामान्य चूक.

निवृत्ती क्वचितच जाहीर होते. करार संपतो आणि नवा येत नाही. त्यानंतर विद्यापीठातील सहायक प्रशिक्षकाची जागा हा नेहमीचा मार्ग.