चाळीस दिवसांचा हिशेब : ख्रिस्ती उपासाची पार्श्वभूमी

एकादशी आली की आपल्याकडे आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडतो. वसईतल्या कॅथलिक घरात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, उपासाचा असतो, तेव्हा डाळ-भात चालतो, भाकरी चालते. चालत नाही ते मटण आणि कोंबडी. शब्द एकच, पण एका घरात धान्य वर्ज्य तर दुसऱ्या घरात मांस. त्यातही आजचा हा ख्रिस्ती नियम जुन्या काळच्या ख्रिस्ती माणसाला उपास वाटलाच नसता.

येशूने स्वतः अरण्यात चाळीस दिवस उपास केला, पण शिष्यांना त्याने ना वार सांगितला, ना वेळ, ना वर्ज्य पदार्थांची यादी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचं सांगणं एवढंच आहे की उपास करताना चेहरा पाडून हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. बाकी सगळं मागून आलं. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच काळात लिहिलेली ‘डिडाखे’ नावाची छोटी पुस्तिका आहे. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. तिच्यात म्हटलंय, ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. गुरूने ढोंग सोडायला सांगितलं, अनुयायांनी वार बदलला!

चाळीस हा आकडाही लगेच ठरला नाही. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बिशप इरेनियस लिहितो की ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधी कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, कोणी सलग चाळीस तास. आणि या फरकामुळे आपली श्रद्धेतली एकी उलट पक्कीच होते, असंही तो म्हणतो. इ.स. ३२५ च्या नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत ‘चाळीस’ हा काळ ओळखीचा असल्यासारखा येतो. गोव्यात उपासकाळाला कोंकणीत ‘कोरेज्म’ म्हणतात, तोही पोर्तुगीजमार्गे आलेला हाच चाळीसचा आकडा. रोममध्ये मात्र रविवारी उपास नसे. सहा आठवड्यांचे रविवार वगळले की उरत छत्तीस. पोप ग्रेगरी (पहिला) याने सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ छान लावला: वर्षाच्या ३६५ दिवसांचा दशांश देवाला. पुढे कोणाला तरी ते चार दिवस कमी वाटले, ते आधी जोडले गेले, आणि आरंभ बुधवारवर आला. राखेचा बुधवार तो हाच. गेल्या वर्षीच्या ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख पाद्री अंगठ्याने कपाळाला लावतो, तू माती आहेस याची आठवण देत.

जुन्या काळी उपास म्हणजे दिवसातून एकच जेवण, तेही सूर्य मावळल्यावर. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी नाही. खरी घसरण झाली ती घड्याळात. शार्लमेन बादशहाची गोष्ट नवव्या शतकातला एक भिक्षू सांगतो. बादशहा उपासकाळात दुपारी दोनच्या सुमारासच जेवायला बसे. एका बिशपने टोकलं. बादशहा म्हणाला, बरोबर आहे तुमचं, पण आज तुम्ही माझा सगळ्यात खालचा नोकर जेवल्याशिवाय घास घेऊ नका. आता बादशहानंतर राजे, मग सरदार, मग त्यांचे वाढपी, अशा पंगती उठत उठत शेवटच्या माणसाच्या पुढ्यात पान येईपर्यंत मध्यरात्र व्हायची. बिशपला कळायचं ते कळलं. पुढे संध्याकाळचं जेवण अधिकृतपणेच तीनवर आणि मग बारावर आलं. तीनच्या प्रार्थनेला ‘नोना’ म्हणत. ती सरकत सरकत मध्यान्हीला आली, इंग्रजीतला ‘नून’ हा शब्द त्यातूनच निघाला.

लोण्याने तर राजकारण केलं. इटलीत ऑलिव्हचं तेल मुबलक. जर्मनी-फ्रान्सच्या उत्तरेला ते मिळणार कुठून? मग पैसे भरा, परवानगी घ्या, लोणी खा. फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा पंधराव्या शतकाच्या शेवटी अशा पैशातून उभा राहू लागला आणि लोक त्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणू लागले. १५२० मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने यावर नेमकं बोट ठेवलं: रोमवाले आम्हाला बुटाला लावण्याच्या लायकीचं नाही असं तेल खायला लावतात आणि लोणी खायची मोकळीक विकतात.

दोन वर्षांनी ठिणगी पडली ती झुरिकमध्ये, सॉसेजवरून. मार्च १५२२, उपासकाळाचा पहिला रविवार. क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी धूर दिलेल्या सॉसेजचे बारीक काप वाटले गेले. नगर परिषदेने विचारणा केली, तेव्हा त्याने सांगितलं की फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी बायबलमधली पौलाची पत्रं छापून द्यायची आहेत, माणसं रात्रंदिवस राबतायत आणि रोज मासे परवडत नाहीत. झुरिकचा धर्मोपदेशक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण दोन आठवड्यांनी व्यासपीठावरून खाणाऱ्यांची बाजू घेतली: उपास करायचा तर करा, सक्ती नको. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात इथून धरतात. मला त्या छापखान्यातल्या कामगारांचं म्हणणं झ्विंग्लीच्या प्रवचनाहून जास्त पटतं.

इंग्लंडने आणखी कमाल केली. १५६३ च्या कायद्याने शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मांस सोडून मासे खाण्याचा दिवस ठरवला, कारण कोळी टिकले तर आरमाराला खलाशी मिळतील. वर, हा नियम आत्म्याच्या तारणासाठी आहे असं कोणी म्हणेल तर त्याला शिक्षा!

कॅथलिक चर्चने नियम खऱ्या अर्थाने हलके केले ते १९६६ मध्ये. पोप पॉल सहावे यांच्या आदेशानंतर सक्तीचे उपास दोनच उरले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे: एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडंसं. पूर्वेकडच्या चर्चांनी हात एवढा सैल सोडलेला नाही. इथिओपियात धर्मनिष्ठ माणसाचे वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस उपासाचे जातात, आणि केरळातले सीरियन ख्रिस्ती बायबलमधल्या योनाच्या गोष्टीतल्या निनवे शहराची आठवण म्हणून तीन दिवसांचा वेगळा उपास धरतात.

आपल्या किनाऱ्यावर या नियमाची वेगळीच पंचाईत आहे. मांस सोडून मासे खाणं हा युरोपातल्या शेतकऱ्याला त्याग होता. जिथे रोजचं कालवणच मासळीचं, तिथे शुक्रवारी सुरमई तळणं म्हणजे काय सोडणं? त्यात सुरमईचा भाव कधी कधी मटणालाही मागे टाकतो. म्हणून अनेक जण आपापलं ठरवतात: कोणी चाळीस दिवस दारू बंद ठेवतो, कोणी सिगरेट, आणि लग्नाचा मांडव तर सहसा ईस्टर होऊन गेल्यावरच पडतो.