ऑइलची पाचर सुटते तेव्हा

ताम्हिणी घाटात, ऐन पावसाळ्यात, दरडीबरोबर रस्त्यावर आलेला एक दगड काकांच्या गाडीला खालून लागला. गाडी व्यवस्थित चालत होती, म्हणून आम्ही थांबलो नाही. दहा-एक मिनिटांनी समोर तेलाच्या झारीचं लाल चिन्ह पेटलं. "माणगाव आलंच आता, तिथं दाखवू," काका म्हणाले. दोन किलोमीटरही झाले नसतील, इंजिनातून टकटक सुरू झाली, तिची ठकठक झाली, मग ऐरणीवर घण पडावा तसे ठोके. इंजिन बंद पडलं ते पुन्हा फिरलंच नाही.

गॅरेजमध्ये दगडानं फुटलेलं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवल्यावर मेकॅनिकनं माझ्या तळहातावर दोन अर्धगोल पत्रे ठेवले. चेपलेले, ओरबाडलेले, एकावर एक चढलेले. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकला, जिथं धरतो तिथलं ते बेअरिंग. त्यात ना गोळ्या असतात ना रोलर. क्रँक आणि हा पत्रा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतकी फट असते आणि त्या फटीत फक्त ऑइल असतं.

मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा क्रँक एवढ्याशा ऑइलवर कसा तरंगतो, हे कळलं ते इंग्लंडमध्ये, आणि तेही अपघातानंच. 1883 च्या सुमारास बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांचं घर्षण मोजत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरताना त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, लाकडी खुंटी ठोकली; तेलानं दोन्ही बाहेर ढकलली. शेवटी तिथं दाबमापक बसवला. तो चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंतच मोजू शकत होता आणि काटा त्याही पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र याच्या निम्माच होता!

याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलं. भाराखाली आस किंचित एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि पुढे निमुळती होते. फिरणारा पृष्ठभाग चिकट तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो. तिथं तेलाची पाचर तयार होते आणि ती आसाला उचलून धरते. मला हा शोध फार सुंदर वाटतो. ऑइल पंप तीन-चार बारच्या दाबानं ऑइल फक्त पोहोचवतो. पिस्टनचा धक्का झेलणारा दाब त्याच्या कितीतरी पट असतो आणि तो ही पाचर स्वतःच तयार करते.

म्हणून पुरवठा थांबला की काही सेकंदांत धातू धातूला घासतो. बेअरिंगचा मऊ थर वितळून निघतो, फट वाढते आणि प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर आपटतो. ठोका ऐकू येतो तो या टप्प्यावर. तरीही गाडी चालवत राहिलं तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. लाल दिवा ऑइल किती उरलंय हे सांगत नाही. तो दाब गेल्याचं सांगतो. त्यामुळे "पुढच्या गॅरेजपर्यंत" हा हिशेबच चुकीचा आहे. गाडी कडेला घ्यायची आणि तिथंच चावी बंद करायची.

अर्थात प्रत्येक आवाज इतका गंभीर नसतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, टिकटिक हलकी असते, वरच्या बाजूनं येते आणि तिची लय क्रँकच्या निम्मी असते, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. सकाळी थंड इंजिनात खडखडणारा आणि गरम झाल्यावर शांत होणारा आवाज बहुधा पिस्टनचा. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमधली मोकळीक भरून काढतो. बेअरिंगचं याच्या बरोबर उलट आहे. इंजिन तापेल तसं ऑइल पातळ होतं, पाचर दुबळी पडते आणि ठोका वाढतो. मोटारींतलं नेहमीचं 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच 100 अंशांवर उरतं. जाणता मेकॅनिक एकेका सिलिंडरचा प्लग किंवा इंजेक्टर बंद करून बघतो. ज्याचा बंद केल्यावर ठोका मंदावतो, त्याचा रॉड.

ऑइलची पातळी कमी होणं वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाढणंही वाईटच. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाड्यांमध्ये काजळीचा फिल्टर असतो. ती काजळी जाळण्यासाठी अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे हे जाळणं वारंवार अर्धवट राहिलं, तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी चढलेली दिसते आणि ऑइल मात्र पातळ झालेलं असतं. डिपस्टिक हुंगून बघावी, डिझेलचा वास लपत नाही. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय.

काकांच्या गाडीचा क्रँक घासून एक साइज खाली आणावा लागला, बेअरिंगं नवी पडली. आता ते चावी फिरवली की क्षणभर थांबतात. झारीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. एकदा तो लागलाच नाही, तर त्यांनी आधी त्याची वायर दुरुस्त करून घेतली आणि मगच गाडी बाहेर काढली.